मोटारबोटीतून मासे बघणारे साहेब

जुने कारकून एकत्र बसले की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. परभणीच्या आमच्या मत्स्य कचेरीत तर मासे कमी आणि किस्सेच जास्त! त्यातले बरेचसे एकाच साहेबांचे.

*

छप्पन साली आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हे साहेब थेट समुद्रकाठावरून परभणीला आले. पहिल्याच दिवशी भाषण!

"देवमासा केवढा मोठा! पण आगबोटीचा आवाज पाण्यात घुमला की बुडी मारतो, पिल्लाला घेऊन लांब पळतो. कान फार तिखट!"

आमचे शिपाई अब्दुलभाई अदबीनं म्हणाले, "साब, अपने दुधना नदी में घुटनेभर पानी. बुडी कां मारेगा उनो?"

*

मग कचेरीला मोटारबोट आली. नदीवर न्यायचा हुकूम येईना, म्हणून अंगणातच ठेवून रोज सकाळी इंजिन सुरू करायचं. गंजायला नको ना! त्या धडधडीनं शेजारच्या मालनबाईंची म्हैस पान्हा चोरायला लागली.

बाई तरातरा आत आल्या. "बोट पाण्यात घाला, न्हाई तर म्हैस हितं आणून बांधते. मंग तुमीच काढा धार!"

हुकूम दुसऱ्याच दिवशी आला!

*

बोट गेली सोनपेठकडे, गोदावरीच्या डोहावर. तिथं भोई पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत. आता डोहात मासा भरपूर निघाला तर डोहाचीच हर्रास व्हायची होती. म्हणजे बाहेरचा गुत्तेदार बोली लावणार आणि भोई उघड्यावर. मासा आहे की नाही, ते ठरवायचं आमच्या साहेबांनी!

भोयांचे म्होरके किसनदादा हात जोडून म्हणाले, "साहेब, डोह गेला तर आमी लेकरंबाळं घेऊन ऊस तोडायला जायचं का?"

मला फार वाईट वाटलं. साहेब म्हणाले, "भावना नकोत. निरीक्षण!"

*

बोट धडधडत डोहात शिरली. बगळे उडाले, काठावरची गुरं उधळली. साहेबांनी दिवसभर जागोजागी जाळं टाकलं. वर आलं शेवाळ.

मी भीत भीत म्हणालो, "साहेब, ते देवमाशाचे कान..."

"देवमासा समुद्रातला!" साहेब कडाडले. "गोड्या पाण्यातल्या माशाला ऐकू येतं, असं आमच्या खात्यानं कुठंही म्हटलेलं नाही!"

*

भोयांची मासे धरायची रीत अशी. डोहाच्या वरच्या अंगाला दहाबारा जणांनी पाण्यावर काठ्या बडवायच्या. मासे खाली पळतात. खाली धार अरुंद होते, तिथं बाकीचे जाळी लावून बसलेले असतात. त्या दिवशी मात्र काठ्या काठावर नुसत्या पडून होत्या. किसनदादा सोडले तर एक भोई नजरेला पडेना.

संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. "डोहात मासा नाही. हर्रास रद्द!"

मला वाटलं, किसनदादा आता पाया पडतील. पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"एवढा मोठा डोह, साहेब. एका दिसात कसं कळंल? उद्या बी तपासा."

साहेबांचे डोळे पाणावले. माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा! याला म्हणतात शास्त्रीय वृत्ती!"

"व्हय साहेब," किसनदादा म्हणाले, "फकस्त बोट आजच्यासारखीच वरून खाली आणा!"