चौथ्या क्रमांकाचे घर

जालन्याहून मनमाडला जाणारी गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत पाच शेर ज्वारी. ग्वाल्हेरला गहू मिळतो, बाजरी मिळते, पण आपल्याकडची टपोरी ज्वारी मिळत नाही, असे सगुणाबाईंनी पूर्वी एकदा पत्रात लिहिले होते. एवढ्या लांब धान्य वाहून नेणारा मी डब्यात एकटाच असेन. समोरच्या गृहस्थांनी विचारलेही, "सासरवाडीला का?" मी म्हणालो, "नाही, बाईंकडे." ते हसले. कुठल्या बाई ते मी सांगत बसलो नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या लोकांना सगुणाबाई आठवत असतील. मिशनच्या शाळेत त्या मराठी शिकवत. माझे वडील त्याच शाळेच्या आवारात सुतारकाम करत. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मी, आणि ती पदवी माझी जेवढी आहे तेवढीच बाईंची आहे. माझे अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखे होते. बाईंनी दोन वर्षे रोज एक पाटी गिरवून घेतली. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी त्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि ग्वाल्हेरला धाकट्या भावाकडे गेल्या. भाऊ भास्करराव तिथल्या सचिवालयात कारकून होते. दोघेही अविवाहित.

त्या भास्कररावांचे पत्र मला नोव्हेंबरात आले. मध्यभारत नावाचे राज्य संपले, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि दफ्तरांबरोबर कारकूनही तिकडे गेले. भास्करराव एका खोलीत चौघांबरोबर राहत होते. "क्वार्टर मिळेपर्यंत ताई ग्वाल्हेरला एकटीच आहे. तू जाऊन ये आणि तिथली मंडळी तिच्याकडे येत-जात राहील अशी व्यवस्था लाव. तुझा शब्द ती मानते." मी माझ्या शाळेतून दहा दिवसांची रजा घेतली. बाईंसाठी काही करायला मिळते आहे याचा मला आनंदच झाला होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी झाशी मागे टाकल्यावर दतियाचा जुना राजवाडा खिडकीतून दिसला, मग उघडे खडक, बाभळी आणि मोहरीची पिवळी शेते. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र एकदम दिसत नाही. आधी वाटते की ढगाची कड आहे. मग तिला बुरूज फुटतात. स्टेशनवर इतकी थंडी होती की टांगेवाल्याने घोड्यावरही गोणपाट टाकले होते. दौलतगंज म्हटल्यावर तो म्हणाला, "मराठे लोगों के मोहल्ले में? अब वहाँ कौन बचा है, बाबूजी!"

गल्ली खरोखरच निम्मी बंद होती. दारांना कुलपे आणि ओट्यांवर धूळ. बाई वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी मला ओळखायच्या आधी ज्वारी ओळखली. पिशवीत हात घालून मूठभर दाणे नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "शहाणा आहेस." मग माझ्याकडे पाहून, "वाळलास."

खाली सुभेदार राहत. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, एकटे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि ते स्वतः त्याच फौजेतून निवृत्त झाले. त्यांचे मराठी ऐकून मला प्रथम हसू आले. "आपण आलात, लई बरं झालं. बाईसाहेब दिवसभर खिडकीत बसून राहतात. मी म्हणतो, काय बघता? पूरी गली खाली आहे!" मग किल्ल्याकडे बोट करून, "पहिले फौज गेली. मग राज्य गेलं. आता दफ्तरं गेली. हा तेवढा उरला, उचलून नेता येत नाही म्हणून."

बाई हसल्या नाहीत. "सुभेदार हे रोज एकदा म्हणतात," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी मला बेढई (डाळीचे सारण भरलेली जाड पुरी) आणि जिलेबी खायला नेले, आणि मग आम्ही किल्ला चढलो. वर राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या फरशांची बदके ओळीने चालली आहेत. इतक्या शतकांनंतरही तो निळा रंग ओला वाटतो. खाली लश्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर अशी तिन्ही शहरे धुक्यात बुडालेली. सुभेदारांनी काठीने मला एकेक कचेरी दाखवली आणि प्रत्येकीपुढे "बंद" म्हणाले.

दुपारी मी देवळात (चर्चमध्ये) जाऊन पाळकांना भेटलो. पाळक तरुण, उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. चेहऱ्यावरून झोप अपुरी असल्याचे दिसत होते. मराठी उपासना बंद झाली होती, कारण मराठी कुटुंबांपैकी तीनच उरली होती. मी बाईंची हकिकत सांगितली. ते मनापासून म्हणाले, "भाईसाहब, अच्छा किया जो बताया. आगमन के दिनों में हम अकेले लोगों के घर जाते ही हैं. इस शनिवार को जा रहे हैं. नाम लिखवा दीजिए." मी बाईंचे नाव आणि पत्ता दिला. ज्यासाठी आलो ते काम इतक्या सहज झाले म्हणून देवाचे आभारही मानले.

घरी येऊन सांगितले तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला पुरते कळले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी? किती जण?"

"बारा तरी असतील."

"भुकेले येतील ना?"

"हो," मी म्हणालो.

हा प्रश्न परक्या वाचकाला विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. जालन्याला नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, बाईंनी एक रीत पाडली होती. दर शनिवारी आम्ही बोर्डिंगची मुले आणि मंडळीतली चार माणसे एखाद्या एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दारात जात असू. हातात काहीही न नेता. दारात उभे राहून म्हणायचे, "भूक लागली आहे. काय आहे घरात?" आणि जे असेल ते बसून खायचे. बाई सांगत, "प्रभू आला तो मागत आला. गोठ्यात जागा मागितली, विहिरीवरच्या बाईकडे पाणी मागितलं. एकट्या माणसाला द्यायला लोक पुष्कळ असतात रे. त्याच्याकडे मागायला कुणी नसतं." एका म्हाताऱ्या विधवेकडे आम्ही अकरा जणांनी तीन भाकरी आणि ठेचा वाटून खाल्ला होता. ती आम्हाला वाढताना गात होती.

ही रीत बाईंनी ग्वाल्हेरच्या मंडळीतही सुरू केली होती आणि दहा-अकरा वर्षे चालवली होती. आता त्यांच्या दारात कुणीतरी मागायला येणार होते.

शुक्रवारी आम्ही दाल बाजारात गेलो. बाईंनी तूरडाळ निवडून घेतली, गूळ चाखून घेतला. दुकानदार ओळखीचा होता. "बहनजी, किसकी शादी है?"

"पाहुणे आहेत, भैया. बारा!" बाई मराठीतच म्हणाल्या, आणि दुकानात बाकीच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

शनिवारी पहाटेपासून चूल पेटली होती. वांगी भाजल्याचा वास जिन्यात उतरला. सुभेदारांनी खालून ओरडून विचारले, "बाईसाहेब, मोहल्ला जाळता काय?" बाईंनी वरून उत्तर दिले, "तुम्ही झोपा!" त्यांचा आवाज शाळेतला झाला होता. शेजारच्या कुलूपबंद घरांच्या किल्ल्या सुभेदारांकडे असत. तिथून त्यांनी ताटे आणून दिली. बारा ताटे भिंतीला टेकवून ओळीने ठेवली होती.

तीन वाजता मी मंडळीला घेऊन येण्यासाठी देवळात गेलो. तिथे एका बाकावर नऊ गाठोडी रचून ठेवलेली होती. प्रत्येकात एक घोंगडी, सहा संत्री आणि गजक (तीळगुळाची खुसखुशीत वडी). पाळक एका कागदावर वेळा मांडत होते. मला पाहून म्हणाले, "आपकी लिखावट अच्छी होगी, मास्टरजी. ज़रा चिट्ठियाँ बना दीजिए."

मी बसलो. नऊ चिठ्ठ्या लिहिल्या. नाव, पत्ता, खाली क्रमांक. चौथी चिठ्ठी बाईंची. ती लिहिताना माझा हात थांबला. मी विचारले, "जेवणाचं कसं? पूर्वी इथं घरात बसून..."

"वो पुराना तरीका था," पाळक म्हणाले, रागाने नाही. "तब लोग थे. अब हम सात हैं और घर नौ. पंद्रह मिनट से ज़्यादा कहीं रुके तो आख़िरी घर अँधेरे में छूट जाएगा. वहाँ एक बूढ़े हैं जो उठ भी नहीं सकते."

यात खोटे काहीच नव्हते. दौलतगंज तिथून फार लांब नव्हते. धावत जाऊन बाईंना सांगता आले असते, किंवा पाळकांना आणखी दोन वाक्ये सांगता आली असती. मी उरलेल्या पाच चिठ्ठ्या लिहिल्या. शेजारी उभ्या असलेल्या मंडळीतल्या एका बहिणीने अक्षराची तारीफ केली आणि ती मला गोड वाटली.

चौथ्या घरी आम्ही साडेचारला पोचलो. बाई दारात उभ्या होत्या, ठेवणीतले पांढरे पातळ नेसून. माणसे सातच आहेत हे त्यांनी पाहिले आणि तरी हसल्या. आम्ही जिन्यातच एका गीताचे एक कडवे म्हटले. पाळकांनी "हमारी अकेली बहन" साठी प्रार्थना केली आणि गाठोडे पुढे केले.

"आत या ना," बाई म्हणाल्या. "पानं मांडली आहेत."

"नहीं माताजी, आप तकलीफ़ न करें," पाळक म्हणाले. "आज हम देने आए हैं, लेने नहीं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मागे बारा ताटे दिसत होती, आणि भाकरींवर झाकलेले ओले फडके. तेवढे एक वाक्य होते. बाई, भूक लागली आहे. ते मी वयाच्या दहाव्या वर्षी म्हटले होते, परक्या बाईच्या दारात, न लाजता. आता सहा माणसे जिन्यात थांबली होती, पाळक घड्याळ पाहत होते आणि यादी माझ्या हातात होती. मी यादीकडे पाहिले. पाचवे घर बाड्याच्या, म्हणजे मोठ्या चौकाच्या, पलीकडे होते.

बाईंनी गाठोडे घेतले. "आभारी आहे," त्या म्हणाल्या.

नववे घर झाल्यावर देवळाच्या आवारात चहा आणि समोसे होते. मी खाल्ले. सगळे थकले होते आणि समाधानी होते, आणि त्या वृद्धाने घोंगडी गालाला लावली तेव्हा मलाही भरून आले होते, हे लपवत नाही.

मी परतलो तेव्हा दिवे लागले होते. वर सुभेदार पाटावर बसून जेवत होते.

"मला कुणी बोलावलं नाही," ते म्हणाले. "वासानं जीव घेतला. मी म्हटलं, बाईसाहेब, भूक लागली, द्या काही. शरम कसली?" आणि भाकरी मोडत, "अशी ज्वारी आता देवासला कुठे! गुरुवारी मुलगी तिकडे न्यायला येऊन राहिली. घर खाली करतो."

हे बाईंना आधीच माहीत होते. मला आत्ता कळले.

बाईंनी माझे पान वाढले. मी अर्धी भाकरी खाल्ली आणि थांबलो. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "खाऊन आलास," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

गाठोडे कोपऱ्यात होते. त्यावरची चिठ्ठी त्यांनी दिव्याजवळ धरून वाचली. "वळण चांगलं आलं आहे. 'ण'ची गाठ अजून चुकते." मग चिठ्ठी पुन्हा जागच्या जागी टाचून ठेवली. मी माफी मागायला तोंड उघडले तर म्हणाल्या, "झोप आता. थंडी आहे."

निघताना त्यांनी मला भाकरी बांधून दिल्या आणि ते गाठोडेही दिले. "भास्करला दे. तिकडं त्याच्याकडं पांघरूण नाही."

"बाई, तुम्हीही भोपाळला चला. मी भास्कररावांशी बोलतो."

"त्यानं बोलावलं तर येईन," त्या म्हणाल्या. "तू मागू नकोस."

भोपाळला गाडी थोडा वेळ थांबते. भास्करराव फलाटावर आले होते, हडकलेले, मफलर गुंडाळलेले. मी गाठोडे दिले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "क्रमांक चार! म्हणजे नाव लागलं तर. मंडळी येते?"

मी सगळे सांगायचे ठरवून आलो होतो. शिट्टी झाली.

"येते," मी म्हणालो.

"देवाची कृपा. क्वार्टर मिळेल, पण एकाच खोलीचं. मला रोज वाटायचं, ताईला आणावीच लागेल. आता घाई नाही." त्यांनी खिडकीतून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गाडी हलली तरी सोडला नाही, चार पावले बरोबर चालले.

पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत मला प्रवासाविषयी बोलायला उभे केले. मी किल्ल्याविषयी बोललो. निळ्या बदकांची ओळ सर्वांना आवडली. बाहेर पडताना पुष्कळांनी बाईंची खुशाली विचारली आणि मी प्रत्येकाला सांगितले की तिथली मंडळी त्यांच्याकडे लक्ष देते.

ते ऐकून सारे घरी गेले. म्हणून हे लिहिले. बाईंनी बांधून दिलेल्या भाकरी मनमाडपर्यंत पुरल्या. त्या मी एकट्याने खाल्ल्या. डब्यात कुणी मागितल्या नाहीत.