विहिरीत सोडलेला पाय

आमच्या विहिरीत नारू कुणी सोडला ते मला माहीत आहे. मीच सोडला. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही. माझे वडील, बापू, अंथरुणावर शेवटचे पडले होते, उशाशी मीच बसायचो, त्यांनाही नाही. न सांगता ते कळलं होतं एका सिस्टरला, आणि तिनं ते कुणालाही कळू दिलं नाही.

मध्यंतरी कोणीतरी तिच्याबद्दल विचारायला आलं होतं. तुम्ही तिच्या शाळेत मास्तर होता, दोन शब्द सांगा म्हणाले. मी म्हणालो, "फार सेवाभावी बाई." पाहुणे चहा पिऊन गेले आणि मी मोरीत जाऊन चूळ भरली. तरी तो शब्द तोंडातून जाईना.

आमचं गाव शहाद्याकडचं, तापीकाठचं. कापूस, केळी, ऊस. कामाला माणसं सातपुड्यातून यायची. काही हंगाम संपल्यावर परत जायची, काही आमच्या शेतांच्या बांधावर खोपी घालून राहायची. त्यांच्या पोरांसाठी सिस्टरनं शाळा काढली, बापूंच्या सरकीच्या जुन्या गोडाऊनमध्ये. बापूंनी ते भाड्यानं दिलं आणि वर पुण्यही लावून घेतलं. मी नुकताच सातवीची फायनल पास होऊन घरी बसलेला. तिनं विचारलं, बापूंनी हो म्हटलं, मी मास्तर झालो.

ती मंगळूरकडची ख्रिस्ती धर्मभगिनी, घरची भाषा कोकणी. मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे शिव्यासुद्धा शुद्ध द्यायची. "अहो मूर्खोत्तम" हे एका गाडीवानाला म्हणाली होती. तो बिचारा खूश होऊन गेला. पहाटे भिंतीवरच्या लाकडी क्रुसापुढे गोणपाटावर गुडघे टेकून बसायची. मग उठून ओसरीवर बादली, कडुनिंबाचं कढत पाणी आणि चिंध्या घेऊन आजाऱ्यांचे पाय धुवायची. खरूज, गळवं, चिघळलेली नखं. त्यानंतर साबणानं हात धुवून वर्गात यायची आणि पोरांच्या बरोबरीनं भाकरी मोडायची.

मला ते बघवत नसे. खोटं कशाला बोलू, मला तिची शिसारी यायची. पांढऱ्या झग्याच्या कडेला पुवाचा डाग असायचा आणि तीच बाई माझ्या हातात खडू द्यायची. मी खडूसुद्धा टोकाला धरून घ्यायचो. तिच्याकडचं पाणी मी कधी प्यायलो नाही. घरून लोटा आणायचो, आमच्या विहिरीचा. आमचं पाणी शुद्ध.

नारू आताच्या मुलांनी पाहिलेला नाही. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून बाहेर निघतो. पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर लांब. ओढला तर तुटतो, आणि तुटला की आतलं सगळं सडतं. म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. आमच्याकडे समज असा की नारू मजुरांना होतो, वाटेल ते पाणी पितात म्हणून. घरंदाज माणसाला होत नाही.

मला झाला, वाटेवरचं कुठलं पाणी भोवलं देव जाणे. घोट्याच्या वर. मी लेंगा लांब सोडून चालायला लागलो. "तुन्हा पायले काय व्हयनं रे?" कुणी विचारलं की सांगायचो, "काटा भरना."

सिस्टरनं वर्गातच ओळखलं. पोरं गेल्यावर मागच्या खोलीचं दार लावलं आणि स्टूल पुढे केलं. मग रोज तेच. ओला कपडा, काडी, तिची बोटं. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो.

"बघा की मास्तर," ती म्हणायची. "तोंड काय फिरवता? तुमचाच आहे."

"सिस्टर, बापूंना कळायला नको."

"औषधाला आलेल्याचं नाव मी माझ्या उशीलाही सांगत नाही. पण एक ऐका. हा पाय विहिरीत घालायचा नाही. पाण्यात गेला की हा पिलं सोडतो. आग झाली तर बादलीत बुडवा आणि ते पाणी उकिरड्याच्या राखेत ओता. समजलं?"

समजलं होतं. मी मास्तर होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून फळ्यावर मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं : पाणी गाळून प्यावे, विहिरीत पाय घालू नये. पोरांनी ते सुरात म्हटलं आणि मी छडीनं ताल धरला, चिंधी बांधलेला पाय टेबलामागे लपवून.

वैशाखात पायाला अशी आग लागली की डोळ्यांपुढे काळं यायचं. बादली घरात मागायची म्हणजे कशाला ते सांगावं लागणार. आमची विहीर पायऱ्यांची, मळ्याच्या कडेला. एका दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, मी खाली उतरलो. चिंधी सोडली आणि पाय पाण्यात सोडला.

काय सुख ते. आजही आठवलं की पाय गार पडतो, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त घाण वाटते. फोडातून दुधासारखं पांढरं काहीतरी निघालं आणि पाण्यात पसरत गेलं. ते काय आहे हे मला माहीत होतं. मी पाय काढला नाही.

वर कुणाची तरी चाहूल लागली. मी लेंगा खाली ओढून उभा राहिलो. आमच्या बांधावरच्या खोपीतली मुलगी, माझ्याच वर्गातली, डोक्यावर मडकं. सिस्टरनं बापूंना गळ घालून खोपीवाल्यांना या विहिरीवर पाणी भरायची मुभा मिळवून दिली होती. मला बघून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आमच्या माणसांवर सावली पडू नये म्हणून त्यांना असंच शिकवलेलं असायचं. गोडाऊनमध्ये ती मोठ्यानं पाढे म्हणायची, इथे तिचा आवाज निघेना.

मग हळूच म्हणाली, "मास्तर, पाणी गार आहे?"

मी म्हणालो, "आहे."

ती खाली गेली. मी ज्या पायरीवर बसलो होतो तिथेच वाकून तिनं मडकं भरलं, ओंजळीनं पाणी प्यायली. मी वर उभा राहून पाहत होतो. एक शब्द पुरला असता.

त्यानंतरही मी गेलो. पाय बरा होईपर्यंत जात राहिलो. सिस्टर काडी फिरवताना विचारायची, "पाण्यात घातला नाही ना?" आणि मी म्हणायचो, "छे." एकदा तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ओल्या पायरीचं शेवाळ माझ्या टाचेला लागलेलं होतं. तिनं ते निंबाच्या पाण्यानं धुतलं आणि पुन्हा काडी हातात घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाले. बांधावरच्या खोप्यांत निघाले, आणि गावातल्या चांगल्या घरांतही निघाले. त्या मुलीला गुडघ्यात निघाला. घरच्यांनी घाईनं ओढला, तो तुटला. सिस्टर रोज खोपीत जाऊन पू काढायची. मुलगी वाचली, गुडघा राहिला नाही. पाय काठीसारखा ताठ झाला.

गाव मारुतीच्या पारावर बसलं. बापू मध्ये, मी त्यांच्या मागे.

"ह्या डोंगरना लोकेस्नी पाणी खराब करी टाकं," एक जण म्हणाला. "आनि त्यास्ले विहीरवर कोन लई उनं? ही बाई."

सिस्टरला बोलावलं होतं. ती उभी होती, तिला बसा कुणी म्हटलं नाही.

"सिस्टरबाई, सांगी टाका," म्हातारे पाटील म्हणाले. "गये साल कोना पायले नारू व्हता? तुमले सगळं माहीत शे."

"औषधाला येणाऱ्याचं नाव मी सांगत नाही."

"तुमना देवले लोके कानमा सांगतस म्हणे," मागून कुणी ओरडलं. "आम्हले बी कान शेतस!"

पार हसला. बापू हसले. मीही हसलो. हे लिहायचं टाळणार होतो, पण हसलो.

ती हसणाऱ्यांकडे एकेक करून पाहत गेली. फक्त माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. नजर मुद्दाम माझ्यावरून उचलून पलीकडे ठेवली, कुणाला माझा संशय येऊ नये म्हणून.

खोप्या उठवल्या. विहिरीवर काटे टाकले. गोडाऊन बापूंना अचानक सरकीसाठी हवं झालं. सिस्टरनं एक ट्रंक, फळा आणि क्रूस बैलगाडीत घातला, ताठ पायाच्या मुलीला वर बसवलं. डोंगरात कुठे झाडाखाली शाळा भरवणार होती. मी फळा उचलायला गेलो होतो, लोकलाजेपुरता.

"मला सांगायची मोकळीक नाही, मास्तर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला आहे. अजून गाडी हललेली नाही."

"बापू आहेत, सिस्टर."

"हो, बापू आहेत," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला फळा काढून घेतला.

मी पुढे सरकारी शाळेत लागलो. दर उन्हाळ्यात पोरांना 'पाणी गाळून प्यावे' शिकवलं. साहेबांनी एकदा शाबासकीही दिली. सिस्टर बरीच वर्षं डोंगरात राहिली आणि मग आजारी होऊन तिच्या धर्मभगिनींच्या संघाच्या घरी, दूर दक्षिणेत गेली. तिथेच वारली. मला ते उशिरा कळलं.

त्याआधी, साठच्या दशकाच्या अखेरीला, होळीच्या दिवसांत कामानिमित्त डोंगरातल्या काठी गावाकडे गेलो होतो. बाजारात एक बाई चारोळी विकत बसली होती, एक पाय पुढे सरळ पसरून. मी ओळखलं आणि वळलो, पण तिनं हाक मारली.

"मास्तर! उन्हाचे कुठे? पाणी प्या."

तिनं लुगड्याचा पदर दुहेरी करून तांब्यावर धरला, मडक्यातलं पाणी त्यातून ओतलं. "गाळूनच देते," म्हणाली. "सिस्टर रागावेल नाहीतर." आणि हसली. माझ्यावर सावली पडू नये म्हणून ती आता सरकत नव्हती. तो एकच बदल मला बरा वाटला.

मी पाणी प्यायलो. तांब्या परत दिला. चारोळी घेतली, ती म्हणाली त्याहून जास्त पैसे ठेवले आणि स्वतःचीच किळस येऊन तिथून निघालो. तेव्हाही एक शब्द पुरला असता.

ती अजून आहे. काठीच्या पलीकडच्या पाड्यात राहते, आता म्हातारी व्हायला आली असेल. सिस्टरला मी काही देऊ शकत नाही. हिला देऊ शकतो. तिचा गुडघा माझ्या पायामुळे गेला आणि पाणी कसलं आहे हे माहीत असताना मी तिला ते पिऊ दिलं, हे तिच्यासमोर बसून तिला सांगणं, आणि मग आमच्या पारावर येऊन गावाला सांगणं, एवढं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून दिलेलं नाही.