हिरव्या शाईतली दुरुस्ती

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पद्मजा रणदिवेच्या जिभेला सगळे वचकून असत. सरोजिनी नगरच्या बाजारात ती स्वेटरवाल्याशी घासाघीस करायला उभी राहिली की शेजारचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकायला येत. चार वर्षं गळणाऱ्या पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन ती देखभालीच्या ऑफिसात गेली आणि टाकी तीन दिवसांत दुरुस्त झाली. परीक्षा देऊन सांगलीहून दिल्लीला आलेली ही बाई हिंदीत 'मेरा साडी' म्हणायची, पण म्हणून तिचं कुठं अडत नव्हतं.

अडायचं ते एकाच ठिकाणी. मंत्रालयातल्या बहलसाहेबांच्या खोलीचं दार ढकललं की तिच्या तोंडातली जीभ जणू कोणी काढून घ्यायचं.

बहलसाहेब जॉइंट सेक्रेटरी. उंच, गोरे, शर्टाला कडक इस्त्री. आवाज कधी चढवत नसत, आणि तेच जास्त भीतीचं होतं. हातातलं पेन खाली ठेवून समोरच्याकडे नुसते पाहत राहायचे. पद्मजा त्यांच्या हाताखाली सेक्शन ऑफिसर होती. संसदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तिच्या विभागात तयार होत. त्या खोलीत तिची सगळी भाषा दोन शब्दांवर यायची, 'यस सर' आणि 'सॉरी सर'. तिचा नवरा जयंत सांख्यिकी खात्यात होता. तो म्हणायचा, घरी वाघीण आणि ऑफिसात मनीमाऊ, सरासरी काढली तर तशी बरी आहेस.

ही गोष्ट एक्याऐंशीच्या हिवाळी अधिवेशनातली. एका राज्यातल्या दुष्काळी तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे हातपंप किती बसले, असा प्रश्न लागला होता. बुधवारी सकाळी अकराला मंत्रिमहोदय उत्तर देणार होते. मंगळवारी दुपारी पद्मजा सवयीनं शेवटची एक नजर टाकत होती, आणि एका आकड्यापाशी थांबली. छापील उत्तरात लिहिलं होतं की चारशे बारा हातपंप पूर्ण झाले. राज्याकडून आलेल्या तारेत चारशे बारा मंजूर होते. पूर्ण झालेले होते एकशे सदतीस.

तिनं घाईघाईनं मूळ मसुदा काढला. मसुदा बरोबर होता. पण इंग्रजी वाक्यात 'सँक्शन्ड' हा शब्द दोनदा आला होता, आणि बहलसाहेबांना एका वाक्यात एक शब्द दोनदा खपत नसे. त्यांनी दुसरा 'सँक्शन्ड' खोडून वर सुबक अक्षरात 'कम्प्लिटेड' लिहिलं होतं. हिरव्या शाईत. त्या मजल्यावर हिरव्या शाईनं लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाला होता.

पद्मजा फाईल घेऊन धावत गेली. खोलीत दोन डेप्युटी सेक्रेटरी बसले होते, चहा चालला होता. तिनं धापा टाकत सांगितलं की उद्याच्या उत्तरात चूक आहे, पंप मंजूर आहेत, पूर्ण नाहीत. बहलसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"किसकी गलती है?"

तिघं तिच्याकडे बघत होते. फाईल तिच्या हातात होती, ती नुसती उघडून टेबलावर ठेवायची होती. त्याऐवजी तिच्या तोंडून निघालं, "टायपिंग की होगी, सर."

तीन शब्द आणि एक 'सर'. पुढचं सगळं भराभर झालं. बहलसाहेबांनी टायपिस्टला बोलावलं. शांताराम मेस्त्री आला. विभागातला सगळ्यात जुना टायपिस्ट, रत्नागिरीकडचा, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं, मितभाषी. संसदेला चुकीची माहिती जाणं म्हणजे काय, हे त्याला शांत आवाजात पाच मिनिटं ऐकवण्यात आलं. तो काही बोलला नाही. प्रती काढण्यासाठी नवीन स्टेन्सिल कापायचा हुकूम झाला, आणि त्याच्यावर मेमो काढून लेखी खुलासा घ्यायचाही. मेमोवर सही सेक्शन ऑफिसरची, म्हणजे पद्मजाचीच.

शांतारामनंच नवीन स्टेन्सिल कापलं. पाचच्या आत सुधारलेल्या प्रती संसद भवनात पोचल्या. काम फत्ते झालं.

पद्मजा घरी आली तेव्हा जयंत मटार सोलत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला की फाईलमध्ये मसुदा आहे, उद्या कोणी पाहिलाच तर आपोआप कळेल. पद्मजा म्हणाली, कोणी पाहणार नाही, आणि त्याच भरवशावर मी खोटं बोलले. मग जयंतनं बहलसाहेब व्हायची तयारी दाखवली, म्हणजे तिला सराव होईल. त्यानं पेनाऐवजी मटारची शेंग खाली ठेवून इतकं कडक पाहिलं की दोघंही हसायला लागले. पण हसता हसता पद्मजाला एक गोष्ट उमगली. आतापर्यंत ती साहेबांची चूक त्यांना कशी सांगावी याचाच विचार करत होती. आधी स्वतःची सांगितली नाही, तर ती साहेबांच्या चुकीआड लपल्यासारखंच होणार होतं. आणि आज दोन माणसांसमोर विचारलेल्या प्रश्नानं तिची बोबडी वळली होती. तीच पाळी साहेबांवर आणायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

बुधवारी उत्तर सुरळीत पार पडलं. मेमो टाइप होऊन सहीसाठी तिच्या टेबलावर आला. शांतारामनंच टाइप केला होता, एकही चूक नव्हती. तिनं तो ड्रॉवरमध्ये टाकला.

दिल्लीच्या थंडीत जेवणाच्या सुट्टीला सगळं मंत्रालय हिरवळीवर उतरायचं. कोणी विणकाम करायचं, कोणी संत्री सोलायचं, पत्त्यांचे डाव पडायचे. बहलसाहेब एकटेच कडेकडेनं चकरा मारत. पद्मजा फाईल काखेत घेऊन त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"सर, पाच मिनिटं हवी आहेत. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक माझी आणि एक तुमची. आधी माझी सांगते." तिच्या मोडक्या हिंदीत ती हे म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे आवाज तिचाच होता, सरोजिनी नगरातला.

ते थांबले. ती म्हणाली, "काल मी टायपिंगची चूक असेल म्हणाले. मला माहीत होतं की नाहीये. तुम्ही विचारलंत, मी घाबरले आणि खोटं बोलले. शांतारामजींनी मसुद्यात होतं तेच टाइप केलं."

"मग मसुदा कोणी बिघडवला?"

तिनं फाईल उघडून त्यांच्या हातात दिली. बोट दाखवलं नाही. हिरवं अक्षर उन्हात चांगलंच उठून दिसत होतं. बहलसाहेबांनी पान पाहिलं. मग त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की मी सभागृहाची दिशाभूल करत होतो?"

एरवी इथं 'सॉरी सर' आलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. पद्मजानं ते गिळलं. "नाही सर. त्या दिवशी तुमच्याकडे अठ्ठावीस उत्तरं होती. शब्द दोनदा आला म्हणून तुम्ही बदललात. आणि तुमच्याकडून आल्यावर मी पुन्हा ताडून पाहायला हवं होतं, ते मी केलं नाही. मला एवढंच हवंय की शांतारामजींना मेमो जाऊ नये. माझ्यावर काढायचा असेल तर काढा."

बहलसाहेबांनी फाईल मिटली आणि ती घेऊन आत निघून गेले. पद्मजा तिथंच बाकावर बसली. शेजारच्या विणणाऱ्या बाईनं तिला न विचारता अर्धं संत्रं दिलं.

आता दुसरं बोलणं राहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं त्याहून ते जड गेलं. ती शांतारामच्या टेबलाशी जाऊन स्टूल ओढून बसली. साहेब रागावणारे होते. हा माणूस रागावतही नव्हता. तिनं सांगितलं की काल चूक तुमची नव्हती, हे मला माहीत असून मी तुमच्यावर ढकललं.

शांताराम टाइपरायटरवरचं आच्छादन काढत होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोललात तेव्हा मी बाहेरच होतो. दार उघडं होतं."

"मग तुम्ही आत काहीच का बोलला नाहीत?"

"तुम्ही आज येता का बघत होतो."

पद्मजानं माफी मागितली. त्यानं मान डोलावली. तेवढ्यानं लगेच सगळं गोड झालं असं नाही. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि तिनंही त्याच्यामागे लकडा लावला नाही.

चारच्या सुमाराला फाईल परत आली. शेवटच्या पानावर हिरव्या शाईत दोन ओळी होत्या. दुरुस्ती मी केली होती. टायपिस्टला मेमो देण्याचं कारण नाही. खाली सही. पद्मजानं ड्रॉवरमधला मेमो काढून फाडला आणि ते पान शांतारामला नेऊन दाखवलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि अक्षर सुरेख आहे म्हणाला.

बहलसाहेब दोन महिने पद्मजाशी सरळ बोलले नाहीत. निरोप डेप्युटी सेक्रेटरीमार्फत यायचे. आपली बदली आता ठरलीच, अशी तिची खात्री झाली आणि तिनं जयंतला पेट्या माळ्यावरून काढून ठेवायला लावल्या. फेब्रुवारीत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. एके दिवशी तिला खोलीत बोलावणं आलं. बहलसाहेबांनी सात उत्तरांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मिसेस रणदिवे, मी यात काही शब्द बदलले आहेत. अर्थ बदलला असेल तर आत्ताच सांगा."

तिनं तिथंच बसून वाचलं. दोन ठिकाणी बदलला होता. तिनं सांगितलं. त्यांनी एक मान्य केलं आणि दुसऱ्यावर वीस मिनिटं वाद घातला. तो वाद पद्मजा हरली, पण बाहेर आली ती गुणगुणतच. पेट्या पुन्हा माळ्यावर गेल्या.

हळूहळू मजल्यावर बोलबाला झाला. कोणाला साहेबांना नको असलेली बातमी सांगायची असली की तो आधी पद्मजाच्या टेबलाशी येई. ती कोणासाठी स्वतः जात नसे. समोरच्याला एवढंच विचारायची की यात तुमचा वाटा किती, आणि साहेब एकटे कधी असतात. बरेच जण पहिल्या प्रश्नालाच परत फिरत.

त्र्याऐंशीच्या मार्चअखेर शांताराम निवृत्त झाला. सेक्शनमध्ये समोसे आणि बर्फी आली, शाल झाली. गावाहून त्याची बायको कुमुद मुद्दाम आली होती. नऊवारी नेसून ती पहिल्या रांगेत अवघडून बसली होती. पद्मजाला भाषण करायचं होतं. तिनं लिहून आणलेलं गौरवाचं भाषण बाजूला ठेवलं आणि हातपंपाची सगळी हकिगत सांगून टाकली, स्वतःच्या त्या तीन शब्दांसकट. काही नव्या लोकांना तो विनोद वाटला, ते हसले. जुने शांतारामकडे पाहत होते. शांताराम शालीच्या दशा चाळवत जमिनीकडे पाहत होता.

कार्यक्रम संपल्यावर कुमुदबाई पद्मजापाशी आल्या. तिनं त्यांना नमस्कार केला. त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"त्या वर्षी शिमग्याला आले तेव्हा हे म्हणाले, ऑफिसातल्या मॅडम चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "बाकी काहीच सांगितलं नव्हतं हो."