बांध कुणी बांधला?

नोकरीतली निम्मी प्रकरणं मी विसरलो आणि उरलेली विसरायचा प्रयत्न चालू आहे. पण भाताच्या आवणीचे, म्हणजे रोपं लावायचे, दिवस आले की मावळातली ती घटना काही केल्या मागं सरत नाही. फाशी असावी की नसावी, असं हल्ली मला कुणी विचारलं की मी म्हणतो, मत राहू द्या बाजूला, एक खटला ऐका. नावं सांगणार नाही. त्या माणसांची लेकरंबाळं अजून त्याच गावात नांदताहेत.

इंग्रजी अमदानी होती. मी लोणावळ्याला फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात तिकोणा पेठेच्या बाजूच्या एका गावाहून पोलीस पाटलांचा माणूस चिखलानं माखून ठाण्यात आला. खाचरात एक शेतकरी मरून पडलाय, डोक्यात घाव आहे, आणि मारणारा कोण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, अशी वर्दी. सगळ्या गावाला ठाऊक आहे म्हटलं की मी सावध होतो. गावाला एकदा खुनी सापडला की मग कुणाला दुसरं काही पाहिलेलं आठवत नाही. जमादारांना बरोबर घेतलं, कामशेतपर्यंत गाडीनं गेलो आणि पुढं चिखल तुडवत पायी.

गावानं ठरवलेला खुनी म्हणजे मयताच्या खालच्या बांधाचा शेजारी. दोघांचं पाण्यावरून जुनं वैर. त्या साली ऐन आवणीत पावसानं दडी मारली होती, नुसती बुरबुर चालू होती, आणि मयत वरच्या खाचरातलं पाणी खाली सोडत नव्हता. आदल्याच दिवशी ‘तुला हितंच गाडीन’ म्हणून शेजारी चारचौघांत ओरडला होता. पाटलांनी त्याला चावडीत बसवून ठेवलं होतं. तो थरथर कापत होता. पण त्यावरून काही ठरत नाही. खून न केलेली माणसंही पोलीस पाहिला की तशीच कापतात.

पंचनाम्यासाठी खाचरात उतरलो. मी स्वतः मुळशीकडच्या भातवाल्याचा मुलगा, त्यामुळे प्रेताआधी नजर बांधाकडे गेली. झटापटीत बांध ढासळला होता आणि कुणीतरी तो पुन्हा घातला होता. घाईघाईनं नव्हे, चांगला नीट. आत दगड, वर चिखलाचे गोळे, पायानं दाबून बसवलेले. जमादारांना तो चिखल उकरायला लावला. आत मयताच्या डोक्यावरच्या इरल्याची मोडकी बांबूची कामटी निघाली, रक्त लागलेली. म्हणजे आधी खून आणि मग बांध. आता मला सांगा, पाण्यासाठी जीव घेणारा माणूस तेच पाणी वर अडवायला बांध घालत बसेल? तो तर बांध फुटला म्हणून देवापुढं नारळ फोडील!

चावडीत बसून मी एकेकाला बोलावलं. मारहाण करून माणूस बोलतो हे खरं, पण तो तुम्हाला हवं ते बोलतो, झालेलं बोलत नाही. मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, तीही खोटी. ‘मयताचा बांध कुणीतरी घातला होता म्हणे, पण काम एकदम कच्चं. पुन्हा वाहून गेला.’

कुणी म्हणाला, ‘आमाला काय ठावं, सायेब?’ कुणी म्हणाला, ‘गेला का? अरारा!’ खालचा शेजारी तर ‘म्या न्हाई मारलं’ एवढंच घोकत राहिला.

मग एक अबोल गडी आला. जमिनीच्या दोन तुकड्यांचा धनी, अंगावर धड कपडा नाही. मयताच्या सावडीतला. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझी आवणी करायची, उद्या माझी. मी त्यालाही तेच ऐकवलं. त्यानं मान झटकली.

‘न्हाई जायाचा त्यो बांध,’ तो म्हणाला. ‘आत दगुड घातल्यात म्या.’

पाटील जमिनीकडे बघायला लागले. आपण काय बोललो ते त्या माणसाला सगळ्यांच्या नंतर कळलं. मग विचारायच्या आतच तो सगळं सांगायला लागला.

मयताच्या खाचरात तो बायकोसकट राबला होता. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती. रोपं काढून ठेवलेली, आणि मयत आला नाही, कुणाला पाठवलंही नाही. एक दिवस वाट पाहून हा पहाटे विचारायला गेला. मयत फावडं घेऊन बांधावर उभा होता. म्हणाला, ‘सावड बरोबरीच्या मानसांत असती. तुजी कसली रं सावड?’ पुढं काय झालं ते त्याला नीट सांगता येईना. फावडं मयताच्याच हातातलं ओढून घेतलं होतं. नंतर धुऊन मयताच्याच गोठ्यात ठेवलं. का, तर वस्तू त्यांची होती!

‘आणि बांध कशाला घातलास रे?’ मी विचारलं.

‘पानी समदं चाललं व्हतं, सायेब. रोपं उघडी पडली असती. म्याच लावलती ती.’

फावडं त्यानं पंचांसमक्ष काढून दिलं आणि मॅजिस्ट्रेटपुढं कबुलीजबाबही दिला. माझा तपास तिथं संपला. पुण्याच्या सेशन कोर्टात मी साक्ष दिली, जे पाहिलं ते सांगितलं. सरकारी वकील हुशार होते. ते म्हणाले, माणूस मारून जो शांतपणे बांधबंदिस्ती करतो, त्याच्याइतका थंड डोक्याचा खुनी दुसरा कोण? जन्मात चिखलात पाय न घातलेल्या माणसाला ते पटणारच. मला उलटतपासणीत बांधाचं कारण कुणी विचारलंच नाही. शिक्षा फाशीची झाली. हायकोर्टानं ती कायम केली.

राहिला दयेचा अर्ज, गव्हर्नरसाहेबांकडे. आरोपीची बायको गावोगाव फिरून अंगठे गोळा करू लागली. गावानं अंगठे दिले. खालच्या शेजाऱ्यानं सगळ्यांच्या आधी दिला, बिचारा स्वतःच फासावरून उतरला होता. पण वकिलांचं म्हणणं पडलं की मयताच्या विधवेचा अंगठा नसेल तर या अर्जात दम नाही. लोणावळ्यात तेव्हा हवा खायला आलेली शिकली-सवरली मंडळी माझ्यापाशी तावातावानं वाद घालत. एक म्हणे जिवाला जीव, दुसरा म्हणे दया श्रेष्ठ. दोघंही चहा पिऊन बंगल्यावर जात. आणि इकडे सगळं ओझं एका अडाणी बाईच्या अंगठ्यावर येऊन पडलं होतं.

ती भावाला घेऊन ठाण्यावर आली. तान्ही पोर मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली.

‘सायेब, अंगठा देऊ का नगं?’

‘ते मी कसं सांगू, बाई?’

‘मग कुनी सांगायचं? ह्यो भाऊ म्हनतो, देऊ नगं. गाव म्हनतं, दे. त्येची बायकू रोज माज्या दारात येऊन बसती. बोलत काय न्हाई, नुसती बसती.’

‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’

‘त्यो मेला पायजे असं वाटतं,’ ती चटकन म्हणाली. पोरीला थोपटू लागली. मग म्हणाली, ‘पर माज्या एका अंगठ्यापायी मेला, असं नगं. ते मला न्हाई पेलायचं.’

तिनं अंगठा दिला. भाऊ तणतणत निघून गेला. वरून माझा अभिप्राय मागवला होता, त्यात मी बांध कशासाठी घातला गेला ते सरळ लिहून टाकलं. कोर्टात न विचारलेलं तिथं तरी सांगता आलं. पुढं बरेच दिवस काही कळेना. आरोपीची बायको ठाण्याच्या पायरीशी येई, मी मान हलवी, ती परत जाई. तिला नुसतं येताना पाहिलं तरी मी थकून जात असे. शेवटी हुकूम आला. फाशी रद्द, त्याऐवजी जन्मठेप.

पुढं माझ्या बदल्या होत राहिल्या. निवृत्तीच्या आधी इन्स्पेक्टर होऊन पुन्हा त्याच भागात आलो, तेव्हा तो सुटून गावी आला होता. तुरुंगातल्या चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळाली होती. तुरुंगानं माणूस कसा सुधारला, असं लोक कौतुकानं सांगत. अहो, तो बिघडलेला होता कुठं? एका पहाटेपुरता होता. त्या पहाटेला मात्र तुरुंगही काही करू शकला नाही, आणि फाशीनंही काही झालं नसतं. इतकी वर्षं वर्दी घालून मला कळलं ते एवढंच. दया करायची ती सरकारनं करावी, जरूर करावी. पण दयेचा हुकूम निघाला म्हणजे हिशेब मिटला, असं ज्याला वाटतं त्यानं मयताच्या घरी एकदा जाऊन यावं.

मी गेलो. सुटून आलेल्या कैद्यावर नजर ठेवायची म्हणून गावी जाणं भागच होतं. विधवेकडे चौकशी केली, त्याचा काही त्रास आहे का म्हणून. केस पांढरे झाले होते तिचे. पोर सासरी गेली होती.

‘तरास कसला? लय गुनी हाय. कुनाचं अडलं का धावतो.’ मग ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘पर सायेब, गाव माज्या मागं लागलंय. त्येला घरात बोलव, पानी दे, झालं गेलं इसर. कीर्तनातलं बुवाबी तेच म्हनलं. म्या अंगठा दिला तो त्येचा जीव ऱ्हावा म्हनून. मनातनं माफ न्हाई केलं. न्हाईच हुत. मी वाईट हाय का?’

‘नाही, बाई. मुळीच नाही.’

‘मग येवढं गावाला सांगून जावा. माजं कुनी ऐकत न्हाई.’

असला बंदोबस्त मी उभ्या नोकरीत केला नव्हता. चावडीत गेलो, सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, या बाईला माफीसाठी कुणी पुन्हा छळलं तर गाठ माझ्याशी आहे. तो सुटून आलेला गडीही मागं भिंतीला टेकून बसला होता. ‘बराबर हाय, सायेब,’ असं पहिल्यांदा म्हणाला तो तोच.