बानूच्या खुरातला भंडारा

देवावर माझी श्रद्धा आहे असे मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. आता वाटते, श्रद्धा होती ती माझ्या स्वतःच्या उपासनेवर, आणि देवाला मी नुसता कामाला लावला होता. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली, कारण यात माझी एक लबाडी आहे आणि ती गाळून हा अनुभव सांगताच येत नाही. वाचणाऱ्याने मला हसावे, रागवावे, पण शेवटपर्यंत वाचावे एवढीच विनंती.

आमचे घराणे शिंद्यांच्या पागेतले. पणजोबा सरदारांच्या घोड्यांबरोबर काशीत आले आणि शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत राहिले ते राहिलेच. पुढे पागा गेली, इंग्रजी अंमल आला, घरातली मराठी निम्मी हिंदी झाली. पण देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक राहिला, घोड्यावर बसलेला. घोड्यांची ओढही राहिली. मी शहरातल्या एका जमीनदारांच्या तबेल्यात रोजची रपेट करी आणि शर्यतीतही बसे. त्यांना आम्ही बाबूसाहेब म्हणत असू. त्यांनी त्या साली कलकत्त्याहून एक विलायती घोडी आणली. अस्सल जातीची, आईबापांच्या सात पिढ्या कागदावर लिहिलेल्या, रंगाने कुमेत, म्हणजे काळपट तांबडी, आणि पळायला लागली की खालची जमीन जणू तिच्या मालकीची. माघात लखनौला मोठ्या कपाची शर्यत होती आणि त्यात आमची घोडी पहिल्या तिघांत येणार असे तिथले गोरे लोकसुद्धा बोलू लागले होते.

तिचे कागदावरचे इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणालाच धड उच्चारता येईना. मी तिला बानू म्हणू लागलो. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा आणि दुसरी बानू, जिच्यापायी देव घरदार विसरून धनगराच्या मेंढ्या राखत राहिला. या घोडीपायी माझीही तीच गत झाली होती. आई माझ्या बायकोकडे बघत म्हणायची, "नाव ठेवायच्या आधी घरातल्या म्हाळसेला विचारलं होतंस का रे?" बानूची निगा राखणारा सईस रहमतमियाँ तीस वर्षे त्या तबेल्यात होता. तो तिला बिटिया म्हणे, तिच्या शेजारीच खाट टाकून झोपे, आणि मी रपेटीहून परतलो की आधी तिचे चारही खूर उचलून तळहाताने चाचपून बघे. खूर थंड लागला, म्हणजे आत काही दुखणे नाही, की "ठंडा बा" म्हणून मान हलवी आणि मगच माझ्याकडे बघे.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. चंपाषष्ठीला घरच्या घोड्याला गंगेवर नेऊन नहाण घालायचे आणि चारही खुरांना भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद, लावायची. घरचा घोडा जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. त्या वर्षी आईने सकाळीच विषय काढला. "देवाचं वाहन आहे ते. इतक्या मोठ्या शर्यतीला जाणार, आणि तिला साधं गंगास्नान नाही?" घोडीला नदीवर न्यायचे नाही अशी बाबूसाहेबांची सक्त ताकीद होती. पण रहमतमियाँ दाणा आणायला गेला होता, आणि मला वाटले, देवाचेच तर काम आहे. रपेटीच्या निमित्ताने मी तिला राजघाटाकडच्या उतारावरून पाण्यात उतरवले. तिथे नावा दुरुस्त करतात हे मला ठाऊक होते. परतताना ती एकदम थबकली. उजव्या पुढच्या खुराच्या तळव्यात नावेचा एक मोडका खिळा रुतला होता. मी तो उपटून काढला. रक्ताचा एक थेंब आला, तिने दोन पावले जपून टाकली आणि मग नीट चालू लागली. मी भंडारा, तूप आणि थोडे मेण एकत्र मळून ते भोक गच्च बुजवले आणि मनात म्हणालो, मल्हारी बघून घेईल. खिळा नदीत फेकला आणि कोणाला काही सांगितले नाही. रहमतमियाँने खूर चाचपले तेव्हा ते थंडच होते, आणि पिवळा तळवा ही पूजेची हळद आहे असे मी त्याला सांगितले.

चौथ्या दिवशी बानूने तो पाय जमिनीला टेकवला नाही. घोट्याच्या वर सूज आली, अंग तापले, तिने दाणा सोडला. छावणीतल्या गोऱ्या घोडाडॉक्टरांना बोलावले. त्यांनी सूज दाबून पाहिली, खुराच्या पिवळ्या तळव्याकडे बघून हे काय म्हणून विचारले, आणि मी पूजेची हळद आहे म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून पाय खाली ठेवला. त्यांच्या मते आत हाडाला चीर गेली होती. आठ दिवस वाट पाहू, म्हणाले. त्या आठ दिवसांत मी काय केले ते सांगायला लाज वाटते. मी रोज पहाटे पूजा करून नवा भंडारा नेई आणि त्याच तळव्यावर थापी. तिच्या वेदना वाढत गेल्या तसा माझा भंडाराही वाढत गेला. बाबूसाहेबांनी सगळा राग रहमतमियाँवर काढला. "तुम्हारी लापरवाही है," ते म्हणाले, आणि तीस वर्षांच्या माणसाला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितले. त्याच सोमवारी सकाळी बानूला गोळी घालायचे ठरले. रहमतमियाँ स्वतःबद्दल एक शब्द बोलला नाही. मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाला, "भइया, तू अपने देवता से कह दा. हमार त दुआ ना लगत बा." मी मान खाली घातली. तेव्हाही माझे तोंड उघडले नाही.

रविवारी, देवाच्या वारी, मी शिंदे घाटावर जाऊन बसलो. समोर घाटावरचे शिवाचे कललेले देऊळ निम्मे पाण्यात उभे होते. मी देवाशी भांडत होतो. इतके केले तुझ्यासाठी, तू काय दिलेस, असे काहीबाही. तेवढ्यात एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घोंगडी, लाल पागोटे, पाय धुळीने भरलेले, हातात पाण्याने भरलेला तांब्याचा गडू.

"मराठी दिसतोस लेकरा. ह्या गडूचं तोंड कुटं बंद करून मिळंल? म्हाळसेनं बजावलंय, शिंद्यांच्या घाटाचंच पानी आण. तिच्याम्होरं माझं काय चालतंय?"

मला कोणाशी बोलायचे नव्हते. गल्लीकडे बोट दाखवून म्हटले, विचारा कोणालाही. तो हलला नाही. म्हणाला, हितली बोली येत नाही, तूच चल. शेवटी पिच्छा सोडवावा म्हणून उठलो आणि गडूचे तोंड डाख लावून बंद करणाऱ्याकडे त्याला घेऊन गेलो. काम चालले असताना त्याने माझा हात धरून उलटा केला. बोटे पिवळीधमक होती.

"घोड्याचा वास येतोय, आन् हळद एवढी? लगीन हाय का घोड्याचं?"

एरवी मी हसलो असतो. त्या क्षणी मला रडू कोसळले. उद्या सकाळी घोडीला मारणार आहेत, एवढेच बोलता आले. त्याने नाव विचारले. बानू, म्हटले. म्हातारा खळखळून हसला. "मंग यायलाच पायजे. पर बानूपायी उशीर झाला ह्ये म्हाळसेला कळू दिऊ नगंस म्हंजे झालं." अशी थट्टा आपल्याकडे कोणीही करील, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. वाटेत त्याने सांगितले की आयुष्यभर रिसाल्यातल्या घोड्यांना नाल ठोकण्याचे काम केले.

तबेल्यात बानू तीन पायांवर उभी होती, मान खाली. म्हाताऱ्याने सुजेकडे पाहिलेही नाही. तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, खाली बसला आणि खुराला तळहात लावला. मग तळव्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली. बानू थरथरली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपे गेले असते.

"कधी रुतलं?"

रहमतमियाँ तिथेच होता. कोणी अनोळखी माणूस घोडीजवळ आला हे कळून बाबूसाहेबही दारात येऊन उभे राहिले होते. त्या एका प्रश्नापुढे माझी सगळी पूजा, सगळी घराण्याची रीत गळून पडली. मी सगळे सांगितले. नदी, खिळा, मेण, गप्प बसणे. मराठीत सुरू केले आणि मग वळून रहमतमियाँला त्याच्या बोलीत पुन्हा सांगितले. तो भिंतीला टेकून खाली बसला.

म्हाताऱ्याने खूर तासायचा वाकडा चाकू माझ्या हातात ठेवला. "तू बुजवलंस, तूच उघड."

"माझ्या हातून चुकलं तर?"

"चुकायचं ते चुकून झालंया. भंडारा कपाळाला लावत्यात लेकरा. भोकात कोंबत न्हाईत. गडूचं तोंड बंद करावं, जखमेचं करू न्हाई. देवाला यायला वाट नगं का?"

मी देवाचे नाव घेतले नाही. घ्यायचे सुचलेच नाही. दहा दिवसांत पहिल्यांदाच मी काही मागत नव्हतो. हळद-मेणाचा घट्ट थर खरवडत गेलो, खाली एक काळा ठिपका दिसला, आणि चाकूचे टोक तिथे टेकवून मी किंचित दाबले. काळे, कुजके पाणी चिळकांडी मारून बाहेर आले आणि माझ्या तोंडावर उडाले. बानूने एक दीर्घ श्वास सोडला. मग, आम्ही तिघे-चौघे बघत असताना, तिने तो पाय सावकाश खाली आणला आणि जमिनीवर टेकवला. आठ दिवसांनी. माझ्या अंगावर काटा आला, आणि आज हे लिहितानाही आला आहे.

म्हातारा कोंड्याचे गरम पोटीस बांधायला आणि मिठाच्या कोमट पाण्यात पाय धरायला सांगून उठला. गाडीची वेळ झाली म्हणाला. रहमतमियाँने दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकला, गडू काखेत घेतला आणि गेला. मी त्याचे नाव-गाव विचारले नाही हे मला संध्याकाळी लक्षात आले. मराठी यात्रेकरू उतरतात त्या अमृतराव घाटावरच्या अन्नछत्रात जाऊन चौकशी केली. तिथले आचारी म्हणाले, "गडूवाले म्हातारे रोज पन्नास येतात हो, कोण ध्यानात ठेवणार?" तेही खरेच. म्हाळसा नावाच्या बायकाही आपल्याकडे गावोगाव आहेत. मी काही म्हणत नाही. घडले ते सांगितले.

बाबूसाहेबांनी रहमतमियाँची हात धरून माफी मागितली. मला त्यांनी काढले नाही, पण लखनौच्या शर्यतीत बानूवर मी बसणार नाही असे सांगितले. ते योग्यच होते. दुसरा स्वार आणला. शर्यतीच्या दिवशी मी आणि रहमतमियाँ कठड्याशी उभे होतो. माझ्या हातात लगाम नव्हता, खिशात भंडारा नव्हता. नवस केला नव्हता. शेवटच्या वळणावर ती सहावी होती. मग तिने कान मागे टाकले आणि जी निघाली, ते मी कसे सांगू? तिच्या पाठीवर बसून मला कधी दिसले नव्हते ते त्या दिवशी बाहेरून दिसले. दोन महिन्यांपूर्वी ज्याला गोळी घालायचे ठरले होते तोच देह, तोच पाय, आणि त्याखाली उडणारी माती. लोक ओरडत होते. मी हात जोडून उभा होतो आणि रडत होतो, आणि ती जिंकावी असेही मनात येत नव्हते. ती पळत होती, एवढे पुरत होते.

ती मानेभर कमी पडली. दुसरी आली. फळीवर काय लिहिले ते बघायला रहमतमियाँ थांबलाच नाही. घामाने भिजलेल्या बानूजवळ धावत गेला, उजवा पुढचा खूर उचलला आणि तळहात लावला. मग माझ्याकडे वळून, त्या सगळ्या गर्दीत, मला जवळ बोलावले आणि माझा हात धरून त्या खुरावर ठेवला.

"ठंडा बा, भइया," तो म्हणाला.

त्याने मला क्षमा केली ती अशी. देवाने कधी केली ते मला ठाऊक नाही. बहुधा घाटावर, मी तोंड वाकडे करून त्या म्हाताऱ्याला गल्ली दाखवत होतो तेव्हाच. पुढे खूर वाढत गेला तसा तळव्यात मुरलेला हळदीचा पिवळा डागही कडेकडे सरकत आला आणि एके दिवशी नालबंदाने तासताना तो नखाएवढा तुकडा खाली पडला. मी तो उचलून आणला. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तो अजून आहे. दर चंपाषष्ठीला मी देवाच्या कपाळाला भंडारा लावतो आणि मग त्या तुकड्यापुढे डोके टेकवतो. मागत काही नाही. वाट मोकळी ठेवतो.