फरकवाले सर आणि माझी बायको

फरकवाले सर कुणाचंच ‘चुकलं’ म्हणत नसत. समोरच्यानं इंग्रजीची कितीही वाट लावू दे, ते मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, “शब्द चुकला नाय बेटा, शेजारच्या घरात शिरला.” मग त्या शेजारच्या घरात कोण राहतं, हे समजावण्यात अर्धा क्लास जाई. शब्दाशब्दांतला फरक असा सांगत, म्हणून नाव पडलं फरकवाले. भिवंडीत त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. मी काही त्यांच्याकडे शिकलो नाही. शिकली माझी बायको, आणि म्हणूनच हा माणूस माझ्या डोक्यात जायचा.

स्पष्टच सांगतो. मी बी.कॉम. काल्हेरला गोदामात डिस्पॅच बघतो, दिवसभर इंग्रजी मेलना उत्तरं देतो. वैशाली वज्रेश्वरीची, बारावी झालेली. लग्न झाल्यापासून औषधाच्या बाटलीवरचा असो नाहीतर मोबाईलवरचा, अडलेला शब्द ती मलाच विचारायची. “अवो, ह्याचा अर्थ काय?” मी जेवता जेवता सांगायचो. तो बरोबरच असेल असं नाही, पण ती मान डोलवायची आणि मला बरं वाटायचं. मग गोदामाच्या ऑफिसात नोकरी धरायची म्हणून तिनं सरांचा बायकांसाठीचा संध्याकाळचा क्लास लावला, आणि आमच्या घरात ‘सर म्हणतात’ सुरू झालं.

सर जुन्या भिवंडीतल्या कोकणी मुसलमान घरातले, शाळेतून निवृत्त झालेले. घरचे लूम, म्हणजे कापडाचे माग होते, त्यामुळे त्यांची उदाहरणंही तिथलीच असत. “रस्त्यानं जाताना दारातून लूम दिसतो, ते सी. शेठ येऊन नजर टाकून जातो, ते लुक. आणि धागा कधी तुटेल म्हणून कारागीर शिफ्टभर नजर हलवत नाय, ते वॉच.” हे वैशालीनं मला भाकरी थापता थापता ऐकवलं. मी म्हटलं, “एवढं मलापण माहीत हाय.” ती म्हणाली, “मग कधी बोलला न्हाय?” दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या पोरांना मी हेच उदाहरण दिलं, माझंच म्हणून. त्यांनी वाहवा केली, तरी माझा राग गेला नाही.

एकदा तर तिनं ताटावर बसल्या बसल्याच विषय काढला. “दुसऱ्याकडचं आपल्याला पाहिजे वाटतं, ती एन्व्ही. आपलं दुसऱ्याकडं जाईल म्हणून पोटात दुखतं, ती जेलसी. सर म्हणतात, पहिलीला दोन माणसं लागतात, दुसरीला तीन.” मी आमटीत चमचा फिरवत राहिलो. सरांचं बोलणं मला यावं असं वाटत होतं, आणि वैशाली त्यांच्याकडे चाललीय असंही वाटत होतं. मला दोन्ही रोग एकदमच झाले होते. वर नावंही त्या माणसानंच दिलेली. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्यावर जळायचं म्हणजे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

सरांची एक रीत होती. फळ्यापुढे दोन खुर्च्या ठेवायच्या, प्रत्येक खुर्चीला एकेक शब्द द्यायचा. बायकांनी पुढे येऊन स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायची आणि ती ज्या शब्दात बसेल त्या खुर्चीवर बसायचं. व्याख्या पाठ करून आलेलीला ते परत पाठवत. “किताबातलं नको, घरातलं सांग,” म्हणत.

एके संध्याकाळी मी वैशालीला न्यायला गेलो. क्लास कापडाच्या दुकानावरच्या खोलीत होता. जिन्यावर पोहोचलो तेव्हा तीच पुढे उभी होती. एक खुर्ची अलोनची, दुसरी लोनलीची. ती सांगत होती, “माझा नवरा घरी येतो, जेवतो, मोबाईल बघतो. मी भांडी घासते. मग आम्ही झोपतो.” एवढं बोलून ती शांतपणे लोनलीच्या खुर्चीवर बसली. बायका हसल्या नाहीत. सरांनी फक्त मान हलवली. दारात मला पाहून म्हणाले, “या भाऊ, आत या, बसा.” मी म्हटलं, “न्हाय, घाई हाय.”

परतताना बाईक वळ गावच्या फाट्यापर्यंत आली. मग गाडी बाजूला घेऊन विचारलं, “मी घरात नसतो का ग?”

“असता की. म्हणून तर अलोनवर न्हाय बसले.”

तिनं काय सांगितलं याचा मला राग नव्हता. ते माझ्याआधी सरांनी ऐकलं, हे मला आजही खुपतं.

पुढे तिला नोकरी लागली. सरांना मुलगा पुण्याला घेऊन गेला. शेवटच्या दिवशी सगळ्या बायका रडल्या, वैशाली सगळ्यात जास्त. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. वाटलं, आता तरी अडलेला शब्द माझ्याकडे येईल. कसला येतोय! शब्द अडला की ती सरांना पुण्याला फोन लावी, आणि पलीकडून तो म्हातारा खुशीत हसलेला मला सोफ्यावर ऐकू येई.

गेल्या महिन्यात क्लासच्या ग्रुपवर सर गेल्याचा मेसेज आला. वैशाली गॅलरीत जाऊन खाली बसली. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मग तिची पाठ दिसली. मी मोबाईल आत टाकला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

“बोल,” म्हटलं.

“काय बोलू?”

“सरांचं.”

ती बोलायला लागली. सर चहात बिस्कीट बुडवून ते विसरत ते, पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना तेव्हा ते तिच्यासाठी पाणी घेऊन आले ते, पुण्याला करमत नाही म्हणून जायच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी आपणहून फोन केला ते. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मध्येच थांबून म्हणाली, “तुमाला कंटाळा आला असंल.”

“न्हाय. पुढं सांग.”

कंटाळा खरंच आला नव्हता. लग्नापासून ती माझ्याशी एवढं कधीच बोलली नव्हती, आणि त्या सगळ्यात माझं नाव एकदाही आलं नाही.