दोन काठ्यांचा क्रूस
दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या दफनभूमीत मेणबत्त्यांचा वास सुटला की मला खारा, कुजका चिखल आठवतो. विशीत असताना चर्चच्या मदतपथकातून मी बांगलादेशात गेलो होतो. वादळात समुद्र गावावरून फिरून गेला होता आणि आम्ही प्रेतं पुरत होतो. लाल सदऱ्यातलं एक पोर मी पुरलं आणि आपल्याकडच्या सवयीनं उशाशी दोन काठ्यांचा क्रूस रोवला. आमच्याच पथकातला, वटार गावचा सोबती म्हणाला, "अरे बाबा, हे काय तुझ्या पॅरिशमधले आहेत? मुसलमानांचं गाव हे. काढ तो!" "काढतो रे," म्हटलं, आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवशी लाल सदऱ्यातल्या आपल्या पोराला शोधत एक बाप आला. "लाल जामा, बाबू, देखा?" एकेक ढीग तो हातांनी उकरून बघत होता. क्रूसापाशी थांबला आणि हा आपला नव्हे म्हणून वळसा घालून पुढं गेला. त्यांच्या पोरावर क्रूस रोवला म्हणून लोक मला काय करतील या भीतीनं मी खाली मान घालून फावडं मारत राहिलो. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी मी एक मेणबत्ती दफनभूमीच्या कडेच्या मोकळ्या मातीत लावतो. "ही कुणाची, डॅडी?" मुलगी विचारते, आणि मी "आहे एक" म्हणून टाळतो. आज तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी लाल सदऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.